डाव्या मागच्या चाकाची हवा

सकाळी साडेसहाला पाउंडकाकांकडे कुणी गेलं, तर ते घरात सापडत नसत. सापडत ते अंगणात, कुंपणाची भिंत आणि घरगाडी यांच्यामधल्या जेमतेम हातभर फटीत. एका पालथ्या डब्यावर अंग चोरून बसलेले, गाल भिंतीला टेकलेला, उजवा हात कोपरापर्यंत चाकामागे घातलेला आणि तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू. नवा पेपरवाला पहिल्या दिवशी पेपर टाकायचाच विसरला. म्हातारा भिंतीत अडकलाय असं वाटून तो काकूंना उठवायला धावला होता.

"अडकलेलेच आहेत," काकू म्हणाल्या, "पण तुझ्याने निघायचे नाहीत. पेपर दे."

पाउंडकाका हे नाव बस डेपोतलं. तिथल्या टायर विभागात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. हवा पाउंडात मोजायची, आणि हा गृहस्थ एका पाउंडाचाही फरक खपवून घ्यायचा नाही, म्हणून सगळा डेपो त्यांना पाउंड म्हणे. निवृत्त झाल्यावर गल्लीने त्याला काका जोडलं. 'एवढ्याने काय होतंय' असं एखादा ड्रायव्हर म्हणाला, की ते बसची किल्ली काढून सरळ स्वतःच्या खिशात टाकत. त्यांच्या काळात त्या डेपोची एकही बस हवेपायी रस्त्यात उभी राहिली नाही. ही गोष्ट ते स्वतः कुणाला सांगत नसत, पण दुसरं कुणी सांगायला विसरलं की त्यांना राग येई.

घरगाडी म्हणजे काकांच्या जीपच्या मागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. चार चाकं, दोन बिछाने, एक शेगडी, एक सरकती खिडकी. लेक दहा वर्षांची असताना काकांनी तिचा सांगाडा भंगारातून आणला आणि बापलेकींनी मिळून दोन वर्षांत तो उभा केला. लेकीला सगळे चाकी म्हणत. नटाला डेपोतले जुने लोक चाकी म्हणायचे, आणि ही पोर फ्रॉकच्या खिशात चाक्या भरून हिंडायची. धुताना काकूंना रोज दोन-चार सापडत. पुढे दर उन्हाळ्यात तिघं त्या गाडीतून कुठे कुठे जाऊन आली. निघायच्या दिवशी पहाटे बाप पालथ्या डब्यावर बसून हवा मोजायचा आणि लेक शेजारी उकिडवी बसून आकडे वहीत लिहायची. पासष्ट, पासष्ट, पासष्ट, पासष्ट. आकडे सगळे सारखेच, तरी चारही लिहायचे.

तीन वर्षांमागे चाकीला दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचं काम लागलं. अकराशे किलोमीटर. बोलायचं सोडून काका पान्याने नट आवळत राहिले. चाकी म्हणाली, "बाबा, घरगाडी मी नेते. खोली मिळेपर्यंत तिच्यातच राहीन." काका म्हणाले, बघू. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी डाव्या मागच्या चाकाचा जुना व्हॉल्व्ह बदलला. घरात होता तो रबरी व्हॉल्व्ह बसवला, तात्पुरता म्हणून, आणि झोपेपर्यंत चार-पाचदा हवा मोजून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली तर हवा एकसष्ट.

"चार पाउंड कमी," काका म्हणाले. "आज नाही निघायचं. सोमवारी डेपोतलं स्टोअर उघडलं की पितळी व्हॉल्व्ह आणतो, बसवतो, दोन दिवस बघतो. मग जा."

"बाबा, सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय. दोन मिनिटांत भरते मी हवा."

"हवा भरून प्रश्न सुटत नाही. हवा का गेली ते कळलं पाहिजे."

"आणि नाही कळलं तर?"

"तर नाही जायचं."

चाकी म्हणाली, "तुम्हाला चाक अडवायचं नाहीये, मला अडवायचंय." बापही तसा शांत बसणारा नव्हता. "एवढं कळतंय तर जा. बसने जा. माझी गाडी अशी जाणार नाही." चाकी दोन पिशव्या घेऊन बसने गेली. ज्या डेपोत बापाचा दरारा होता, त्याच डेपोतून. बसच्या चाकांत हवा अगदी बरोबर असणार, हेही काकांना ठाऊक होतं.

तेव्हापासून दर रविवारी चाकीचा फोन आईला येई. काका त्या वेळी नेमके खिडकीखाली काहीतरी पुसत असत. कानात प्राण आणून ऐकत. पंधरा-वीस मिनिटांच्या बोलण्यात त्यांच्या वाट्याला दोन वाक्यं येत. तिकडून, 'बाबा बरे आहेत ना?' आणि इकडून काकूंचं, 'बरे आहेत.' तेवढ्यावर आठवडा काढायचा.

पण गाडी तयार ठेवायची. उद्या म्हणाली, 'बाबा, पाठवून द्या,' तर? परवा म्हणाली, 'घेऊन या,' तर? तेव्हा चार पाउंड कमी निघता कामा नयेत. आणि ती स्वतःच आली एखाद्या वाहनाने, तर ते अंगणात लागायला हवं, म्हणून काकांनी घरगाडी ढकलून ढकलून डाव्या भिंतीला चिकटवून ठेवली आणि उजवीकडे एका गाडीची जागा मोकळी केली. त्या जागेत काकूंनी एकदा वाळवण घातलं, तर तासाभरात उचलायला लावलं.

रोज साडेसहाला हवा मोजणं सुरू झालं. उजवी दोन आणि डावं पुढचं, ही तीन चाकं शहाण्यासारखी वागत. आठवड्यातून एखादा पाउंड इकडे तिकडे, हवा मोजायचं गेज लावताना फुस्स होऊन जातो तेवढाच. घोडं अडलं होतं डाव्या मागच्या चाकाशी. पहिल्या वर्षी तिथे आठवड्याला दोन-तीन पाउंड जात. दुसऱ्या वर्षी दोन दिवसांतच तेवढे. तिसऱ्या वर्षी रोज सकाळी तीन कमी, कधी चार. काका भरत, दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. त्यांनी व्हॉल्व्हच्या आतली पिन तीनदा बदलली. टोपी बदलली. टायरला साबणाचं पाणी लावलं, रिमच्या कडेला लावलं, व्हॉल्व्हच्या तोंडाला लावलं, आणि नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. खिळा नाही, चीर नाही, काही नाही. शेजारच्या मांजरीवरही त्यांनी काही दिवस पाळत ठेवली. मांजर हवा काढते असं त्यांचं म्हणणं नव्हतं, पण ती त्याच चाकापाशी का बसते, हे त्यांना कळायला हवं होतं.

"हे नीट झालं की फोन करतो तिला," ते काकूंना सांगत. काकूंनी पहिली दोन वर्षं हे खरं मानलं.

शेवटी काकूंनीच फिटरला बोलावलं. फिटर म्हणजे काकांचा डेपोतला जुना दोस्त. बत्तीस वर्षं एका डब्यातून जेवलेले, त्यामुळे एकमेकांना मान देण्याची सवय दोघांनाही नव्हती. फिटर आला, कमरेवर हात ठेवून घरगाडीभोवती एक चक्कर मारली आणि फटीत डोकावला.

"मोजून दाखव बरं," तो म्हणाला.

काका डब्यावर बसले, गाल भिंतीला टेकला, हात आत घातला. गाडी हललीच नव्हती, त्यामुळे चाक तीन वर्षं एकाच जागी. व्हॉल्व्ह खाली, भिंतीच्या बाजूला. गेज सरळ लागायला जागाच नाही. काकांनी ते तिरकं लावलं, व्हॉल्व्ह आपल्याकडे ओढून धरला, फुस्स झालं, आकडा वाचला. "बासष्ट."

फिटर दाढी खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "भर पासष्ट. आणि आता आठ दिवस याला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. गेज वहिनींकडे दे."

"का?"

"मी सांगतो म्हणून. कधीतरी माझंही ऐकावं माणसाने."

काकूंनी गेज शिवणयंत्राच्या खणात टाकलं, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

ते आठ दिवस काकांनी कसे काढले ते काकूंनाच माहीत. पहिल्या दिवशी साडेसहाला ते सवयीने अंगणात गेले आणि हात हलवत परत आले. दुसऱ्या दिवशी लांबून, डोळे बारीक करून टायरचं पोट किती बसलंय याचा अंदाज घेतला. तिसऱ्या दिवशी डेपोतलं जुनं गेज शोधायला माळ्यावर चढले. काकूंनी शिडीच काढून घेतली. अर्धा तास ते माळ्यावर बसून होते. चौथ्या दिवशी मात्र ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले, आणि सकाळची वेळ रिकामी पडल्यावर माणसाच्या मनात जे येतं ते त्यांच्या मनात आलं.

"काय करत असेल गं ती आत्ता?"

काकू पीठ मळत होत्या. हात थांबले नाहीत. "सहाला उठते. साडेसातला क्रेनवर चढते. चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत म्हणे. वर एकटीच असते चार वाजेपर्यंत. वरून समुद्र दिसतो."

"चौऱ्याण्णव," काका म्हणाले. "तू सांगितलं नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कधी?"

काका उंबऱ्याची कड नखाने खरवडू लागले. "हवा खरंच कमी होती त्या दिवशी. मी खोटं बोललो नव्हतो."

"कोण म्हणतं खोटं? चार पाउंड कमी होती. दोन मिनिटांत भरली असती."

"भरली असती," काका म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना तीन वर्षं लागली होती, आणि म्हटल्यावर ते पाणी प्यायला उठले. आठवण रोज यायची, पण आजवर ती गेजवर निभावून जात होती. आज हातात काहीच नव्हतं. लेकीचा आवाज ऐकावासा वाटत होता, तिने 'बाबा' म्हणावं असं वाटत होतं, त्यापुढे काही न बोलली तरी चाललं असतं.

नवव्या दिवशी फिटर आला. या वेळी त्याने काकांना लांब उभं केलं आणि स्वतः फटीत शिरला. दोन बोटांनी व्हॉल्व्ह जागच्या जागी धरला, हलू न देता गेज कसंबसं सरळ बसवलं.

"वाच."

काका वाकले. पासष्ट. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पासष्टच.

"आठ दिवसांत काडीची हवा गेली नाही," फिटर म्हणाला. "आता हे बघ." त्याने व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी लावलं. काही नाही. मग काका रोज ओढत तसा व्हॉल्व्ह किंचित आपल्याकडे वाकवला. फुस्स झालं आणि बुडाशी, भिंतीकडच्या बाजूला, फेसाचा गोळा फुगला. सोडला, फेस थांबला. पुन्हा वाकवला, पुन्हा फेस.

"रबर बुडाशी चिरलंय. वाकवल्याशिवाय चीर उघडत नाही. आणि वाकवतं कोण? रोज साडेसहाला कोण येतं इथे?"

काकांनी फेसाकडे बोट नेलं आणि परत घेतलं.

"अरे, गाडी अर्धा फेरा जरी पुढे गेली असती, तरी व्हॉल्व्ह वर आला असता, मोकळ्यात. हात सरळ गेला असता. तू ती हलवलीच नाहीस. एका जागी उभी केलीस आणि रोज ओढत बसलास. तीन वर्षं तूच हवा काढतोयस, पाउंड. दुसऱ्या कुणी आळशी माणसाने गाडीकडे बघितलंही नसतं, आणि ती आजही ठणठणीत असती." मग त्याने आवाज उतरवला. "आणि पासष्ट पाउंडाच्या चाकाला रबरी व्हॉल्व्ह? आपण डेपोत असा व्हॉल्व्ह लावू दिला असता का कुणाच्या लेकीच्या बसला?"

"तात्पुरता होता," काका म्हणाले.

फिटर तोंडाळ असला तरी कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं. दोघांनी जीप जोडून घरगाडी पुढे ओढली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती हलली. चाकांखालची जमीन चार ठिकाणी फिकट पडली होती. चाक काढलं, टायर उतरवला, जुना व्हॉल्व्ह कापून काढला आणि नट आवळून बसवायचा पितळी व्हॉल्व्ह बसवला. मग बाकीच्या तीन चाकांनाही तसेच बसवले. कापलेला व्हॉल्व्ह काकांनी दोन बोटांत वाकवून पाहिला. चीर नखाएवढी होती.

रविवारी फोन आला तेव्हा काका खिडकीखाली नव्हते. ते काकूंच्या शेजारी, खुर्चीत, हात गुडघ्यावर ठेवून बसले होते. काकूंनी दोन वाक्यं बोलून फोन त्यांच्या हातात दिला आणि उठून गेल्या. काकांना वाटलं होतं आधी जरा तयारी करता येईल.

"हॅलो? आई?"

"मी आहे," काका म्हणाले. तिकडे एकदम शांत झालं. इतकं शांत, की फोन कटला असं वाटून ते घाईघाईने बोलले, "हवा बरोबर आहे."

"कसली?"

"डाव्या मागच्या चाकाची. दोष सापडला."

"काय होता?"

"माझा होता," काका म्हणाले. "मीच काढत होतो. भेटल्यावर सांगतो." तीन वर्षं ते तिच्या बोलावण्याची वाट बघत होते; आता त्यांनी स्वतःच विचारलं. "चाकी, येऊ का?"

चाकी म्हणाली, "या ना, बाबा."

मंगळवारी सकाळी निघाले. थंड चाकांत हवा एकदा मोजली आणि काकूंनी गेज आपल्या पिशवीत टाकलं. वाटेत काका प्रत्येक थांब्यावर हात पुढे करत आणि काकू मान हलवत. "चाक तापलंय का तेवढं हात लावून बघा. मोजायचं नाही." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांनी मागणं सोडलं. ती सवय इतकी सहज सुटेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं, आणि सुटली असंही काकूंनी मानलं नाही. पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली.

बुधवारी तीनच्या सुमाराला ते चाकीच्या दारात पोचले. चाकी कामावर होती. दोन खोल्यांचं बैठं घर, बाजूला फाटक आणि आत लांबट मोकळी जागा. घरमालकीण बाहेर आली. ठसठशीत बाई, बोलायला मोकळी.

"तुम्हीच का ते? या, या. आत घ्या गाडी. ही जागा तुमचीच. तीन वर्षं झाली, कुणाला काही लावू देत नाही इथे. माझ्या भाच्याने फक्त दोन दिवस टेम्पो लावू का विचारलं, तर म्हणाली, माझ्या बाबांची गाडी यायचीय. भाचा तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही."

काकांनी आरशात नजर ठेवून जीप मागे घेतली. जागेवर गवत नव्हतं, सिमेंटचा पातळ थर होता, आणि त्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ. रेघ जुनी होती. कडा उडालेल्या, मध्ये एकदा पुन्हा रंग दिलेला.

"रेघेच्या अलीकडेच लावा बरं का," घरमालकीण म्हणाली. "मी तिला किती वेळा सांगितलं, अगं, भिंतीला चिकटवून लावली तर एवढी जागा वाया नाही जाणार. ऐकेल तर ना."

काकांनी गाडी रेघेला लावली, खाली उतरले आणि वळसा घालून डाव्या बाजूला गेले. रेघ आणि भिंत यांच्यामध्ये अडीच-तीन हात जागा होती. एका माणसाला गुडघे पसरून, कोपर मोकळं ठेवून बसता येईल इतकी. आणि मागच्या चाकापाशी, भिंतीला लागून, एक पत्र्याचा डबा पालथा ठेवलेला होता. पावसापाण्याने तांबरलेला, बुडाशी सिमेंटवर गंजाचं वर्तुळ उमटलेलं.

काका त्या डब्यावर बसले. गाल भिंतीला लावावा लागला नाही. काकूंनी गाडीच्या खिडकीतून पाहिलं, पिशवीत हात घातला, आणि मग गेज न काढताच हात बाहेर घेतला. म्हातारा डोळ्यांना पंचा लावून बसला होता, त्याला थोडा वेळ हवा होता.

चार वाजून गेल्यावर फाटक वाजलं. पावलं गाडीच्या उजवीकडून आली, थांबली, आणि मग वळून डाव्या बाजूला आली. काकांनी वर पाहिलं. चाकी पूर्वीपेक्षा रापली होती, हातावर तेलाचे डाग होते, डोक्यावरची कामावरची टोपी काढायचीही राहिली होती. ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली, तिथे, जिथे ती बारा वर्षांची असताना बसायची. तिच्यासाठीही जागा होती.

"किती आहे?" तिने विचारलं.

काकांनी चाकाकडे पाहिलं. पितळी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला होता, हाताशी.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"मोजलीत?"

"नाही," पाउंडकाका म्हणाले, आणि लेकीच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांनी आपल्या मांडीवर ठेवली.